ट्रकमधला ट्रक

रुवैशिद गाव मागे टाकून इराकच्या हद्दीकडे निघालं की वाटेत ट्रक उभे करायचा एक मोठा तळ लागतो. मुफ्लेहच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं त्या तळावर गेली. ट्रकवाल्याचा जन्म रस्त्यावर जातो असं म्हणणाऱ्यांनी कधी ट्रक चालवलेला नसतो. तो जन्म जातो रांगेत. माल पलीकडच्या गाडीत चढवायचा असतो आणि पलीकडची गाडी आलेली नसते. गाडी आली तर कागद आलेले नसतात. कागद येईपर्यंत शुक्रवार उजाडतो, आणि शुक्रवारी कोण काम करणार?

मुफ्लेह रमथाचा. बुटका, अंगाने गोलसर आणि आवाजाने इतका मऊ, की हमालांवर ओरडायची वेळ आली तरी तो विनंती करतोय असंच वाटे. मिसरूड फुटायच्या आत मामाच्या गाडीवर बसला आणि टोमॅटोच्या पेट्या घेऊन आखाताकडे जाऊ लागला. पुढे स्वतःची गाडी झाली. ती घेतली तेव्हाच म्हातारी होती. चढावर धापा टाकायची, पण कुठे अडून बसायची नाही. म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं हज्जा, म्हणजे हज करून आलेली म्हातारी. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तो स्टिअरिंगवर दोन बोटं टेकवून म्हणायचा, "चल हज्जा, अल्लाचं नाव घे." बायको नौफा म्हणायची, "माझ्याशी कधी इतक्या गोडीनं बोललास का?"

त्याला नाद एकच, तारांचा. हज्जाच्या केबिनमध्ये त्याने फ्रिज बसवला, पंखा बसवला, उशाशी दिवा बसवला. एक स्विच कशाचा आहे ते त्यालाही आठवत नसे, पण तो बंद केला की फ्रिज बंद पडायचा, म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

तळावर बाकीचे ड्रायव्हर वेळ काढायला पत्ते खेळत. मुफ्लेहही खेळे. खेळ त्याला चांगला यायचा, फक्त हरणं यायचं नाही. एकदा तरनीबचा डाव चालू असताना त्याने समोर बसलेल्या सत्तामवर आरोप केला, की वाटताना तू माझा पत्ता पाहिलास. सत्ताम मफ्रकचा, काटकुळा, उंच, चेहऱ्यावर कायम ऊन लागल्यासारख्या आठ्या. दोघं वीस वर्षांपासूनचे मित्र. सत्ताम उठला, पत्ते चादरीवर ठेवले आणि म्हणाला, "ज्याला माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याच्याबरोबर मी चहा पीत नाही." आणि खरंच प्यायला नाही. दोन वर्षं दोघं एकाच तळावर, कधी कधी लागून उभ्या गाड्यांमध्ये राहिले, पण शब्द नाही. मुफ्लेहने पत्तेही सोडले. इतर लोक चादरीभोवती बसून हसायचे, तेव्हा हा केबिनच्या काचेतून वाळू बघत बसायचा.

घरी गेला की मात्र त्याची चैन असे. त्याची मोठी मुलगी सुजूद इर्बिदला फोन-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. घरात तिचा एक मोठा कॉम्प्युटर होता, टेबलाखाली कपाटाएवढा, घूं घूं करणारा. त्यावर ट्रक चालवायचा एक गेम होता. मुफ्लेह चार रात्री हज्जा चालवून घरी यायचा, आंघोळ करायचा, जेवायचा आणि त्या कॉम्प्युटरवर बसून पुन्हा ट्रक चालवायचा.

"याबा, तुम्हाला कंटाळा नाही येत?" सुजूद विचारायची. ती बापाला याबा म्हणे आणि बापही तिला याबाच म्हणे. तिकडची रीतच तशी.

"कसला कंटाळा? बघ, हद्द आली, थांबलो, कागद दाखवला, निघालो. किती वेळ लागला?"

"काहीच नाही लागला."

"तेच तर. मला एक असा पाहिजे. हज्जात बसेल असा."

सुजूद हसली, पण तिच्या डोक्यात किडा शिरला. बापाने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. महिन्यातले तीन आठवडे तो नसायचाच, आणि उरलेल्या दिवसांत घरच्यांना काय हवं हे विचारत हिंडायचा.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा तिने तळहाताहून थोडा मोठा असा एक मदरबोर्ड त्याच्यासमोर ठेवला. त्यावरच्या प्रोसेसरमध्येच चित्रं काढायची ताकद होती, वेगळं कार्ड नको. "घरच्या डब्यातलं कार्ड आहे ना, ते एकटंच हज्जाच्या फ्रिजच्या चौपट खातं," ती म्हणाली. "याची भूक कमी आहे. सगळे नखरे चालणार नाहीत, पण तुमचा ट्रक पळेल."

"वीज कुठून देणार?"

"इन्व्हर्टर लावू. बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करू, त्यात हा अॅडॅप्टर खुपसू."

मुफ्लेहने अॅडॅप्टर हातात घेऊन उलटा केला, त्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. "म्हणजे बॅटरीत आहे ती सरळ वीज. ती तू उलटसुलट करणार. मग ही वीट तिला परत सरळ करणार."

"हो."

"रमथाहून शेजारच्या इर्बिदला जायला पार दक्षिणेच्या अकबामार्गे का जायचं, याबा?"

सुजूद जोरात हसली. बोर्डाला हवे होते एकोणीस व्होल्ट, हज्जात होते चोवीस. मध्ये एक छोटी डबी बसवायची, जी कितीही वर-खाली झालं तरी पुढे एकोणीसच सोडेल. तशी डबी तिने आणली. बापाने जाड तार निवडली, फ्यूज लावला आणि दिवसभर दोघं अंगणात उकिडवे बसून काम करत राहिले. नौफाने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ताट घेऊन बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये ठेवून गेली.

खोक्यासाठी मुफ्लेहने तुपाचा चौकोनी पत्र्याचा डबा कापला, कडा घासून गोल केल्या, खाली रबराचे तुकडे चिकटवले. हवा आत-बाहेर जायला भोकं पाडली. पण भोकातून वाळवंटाची धूळही जाणार. सुजूदने इकडे तिकडे पाहिलं आणि आत जाऊन आईचे जुने पायमोजे घेऊन आली. पातळ, ताणले जाणारे. तो कपडा भोकांवर ओढून बसवला.

"हे माझे आहेत," नौफा दारातून म्हणाली.

"फाटलेले होते, आई."

"फाटलेले असले तरी माझे. उद्या सगळा तळ बघणार."

"कुणाला कळणार आहे ते मोजे आहेत म्हणून?" मुफ्लेह म्हणाला. नौफाने ज्या नजरेने पाहिलं त्यावर तो निमूट पुढचं भोक झाकायला लागला.

गेम सुरू केल्यावर सुजूदने बॅटरी जास्त टिकावी म्हणून एकेक गोष्ट कमी केली. पाण्याची चमक कमी, लांबची झाडं कमी. "सावल्याही बंद करते."

"कर. आमच्या तळावर कुठे सावली असते?"

अशा रीतीने तुपाचा डबा हज्जात गेला. स्टिअरिंगच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून मुफ्लेह शेजारच्या सीटवर बसायचा, मांडीवर फळी, फळीला आवळलेलं खेळातलं छोटं चाक आणि समोर डॅशबोर्डवर पाटीएवढा स्क्रीन. खरं स्टिअरिंग बाजूला रिकामं. पहिल्यांदा कुणीतरी काचेतून डोकावलं आणि बातमी तळभर झाली, की अबू सुजूदला, म्हणजे सुजूदच्या बापाला, उन्हाने झटका आला.

त्याला पर्वा नव्हती. संध्याकाळी गेममधून निघताना तो सुजूदला फोन लावायचा आणि कुठून कुठे माल नेला ते सांगायचा. पूर्वी फोनवर "जेवलीस का, जेवले, तुम्ही जेवलात का, जेवलो" यापलीकडे दोघांचं बोलणं जात नसे. आता ती विचारायची, "वळणावर उलटली नाही ना?" आणि तो खोटं बोलायचा.

मग व्हायचं ते झालं. ऑगस्टचे दिवस, रांग अशी गोठलेली की लोकांनी चाकांच्या सावलीत चादरी पसरल्या होत्या. मुफ्लेहने डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवलं होतं आणि दोन दिवस फ्रिज, पंखा आणि गेम, तिन्ही चालवले. दुपारी अचानक पुढून हाक आली, गाड्या सुरू झाल्या, रांग हलली. मुफ्लेहने फळी बाजूला टाकली, उडी मारून आपल्या सीटवर आला, दोन बोटं टेकवली, किल्ली फिरवली. हज्जाने एकदा टक केलं आणि गप्प झाली.

पुन्हा फिरवली. टकही नाही.

पुढची गाडी लांब गेली. मागे हॉर्न सुरू झाले, आधी एक, मग पन्नास. कुणीतरी उतरून त्याच्या आईची विचारपूस करायला लागलं. मुफ्लेह घामाघूम होऊन खाली उतरला, बॅटऱ्यांचं झाकण उघडलं आणि नुसताच बघत उभा राहिला, जणू बघितल्याने त्या भरणार होत्या.

त्याच्या अगदी मागची गाडी सत्तामची होती. सत्ताम एकदाही हॉर्न न वाजवता उतरला, आपल्या बॉक्समधून जाड केबलांचं वेटोळं काढलं आणि गाडी वाकडी करून हज्जाच्या शेजारी आणली. केबलची टोकं मुफ्लेहच्या हातात दिली.

"लाल तिकडे, काळी इकडे," तो म्हणाला. दोन वर्षांनंतरचे ते पहिले शब्द. "का तेही विसरलास?"

"नाही विसरलो."

हज्जा खोकली, थरथरली आणि चालू झाली. दोन्ही गाड्या पुढे सरकल्या, हॉर्न थांबले. फर्लांगभर गेल्यावर रांग पुन्हा गोठली, मग एवढा गोंधळ कशासाठी हे कुणालाच कळलं नाही. मुफ्लेहने या वेळी इंजिन बंद केलं नाही. केबल गुंडाळून तो सत्तामच्या गाडीपाशी गेला.

"नव्या बॅटऱ्या ना तुझ्या?" सत्तामने विचारलं. "कशानं उतरल्या?"

मुफ्लेहला खोटं सुचलं नाही. "ट्रक चालवत होतो."

"ट्रक तर उभा होता."

"आतला. ट्रकच्या आतला ट्रक."

सत्तामने आठ्या घालून त्याच्याकडे पाहिलं. मग हज्जाच्या पायरीवर चढून आत डोकं घातलं. फळी, छोटं चाक, तुपाचा डबा. खाली उतरला तेव्हा त्याचे खांदे हलत होते. मुफ्लेहला वाटलं माणूस रडतोय की काय. सत्ताम हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चल," तो शेवटी म्हणाला, "चहा टाक. मरमिय्याची पानं घाल. साखर माझ्याकडे आहे."

सुजूदला फोनवर सगळं कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "चूक माझीच. तुम्ही इंजिन बंद करून खेळाल हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"घरी तू इंजिन चालू ठेवून खेळतेस का?" बाप म्हणाला, ती हसावी म्हणून.

पुढच्या खेपेला तिने सौर पॅनेलवाल्याकडून एक वेगळी बॅटरी आणली, फक्त डब्यासाठी. इंजिन चालू असेल तेव्हाच ती भरायची, आणि रिकामी झाली तर डबा आपोआप झोपायचा; हज्जाच्या बॅटऱ्यांना त्याचा हात पोचायचाच नाही. ते जोडकाम मुफ्लेहने केलं आणि त्याच्या स्विचवर पांढऱ्या रंगात चक्क तो कशाचा आहे ते लिहिलं. नौफाने ते वाचलं आणि म्हणाली, "बाप सुधारला."

सत्ताम आता रोज संध्याकाळी हज्जात येऊन बसायचा. खेळायचा नाही, नुसता बघायचा आणि चुका काढायचा. या उताराला हा गियर घालतात का, असा कुणी ओव्हरटेक करतं का. एकदा चहा पिता पिता मुफ्लेहने धीर केला.

"त्या दिवशी तू माझा पत्ता पाहिला होतास की नाही?"

सत्तामने कप खाली ठेवला. "पाहिला होता."

"मग दोन वर्षं मला कशाला भोगायला लावलंस?"

"तू सगळ्यांसमोर बोललास. एकट्यात बोलला असतास तर कबूल केलं असतं."

मुफ्लेहने यावर खूप विचार केला आणि त्याला ते पटलं, हेच त्याला विचित्र वाटलं.

सत्तामने ऐन उमेदीची सगळी वर्षं एकाच वाटेवर घातली होती. जाबिरची हद्द ओलांडून दमास्कस, होम्स, हमा आणि शेवटी अलेप्पो. तिकडून कापड आणि साबण आणायचा. लढाई पेटली आणि ती वाट त्याच्यासाठी संपली. त्याबद्दल तो बोलायचा नाही. कुणी अलेप्पोचं नाव काढलं की उठून टायर तपासायला जायचा. मुफ्लेहने हे सहज फोनवर सुजूदला सांगितलं. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "याबा, हौशी पोरांनी आपल्याकडचे रस्ते त्या गेममध्ये घातलेत. तुमच्या डब्यात टाकून देते. रमथाही आहे. आणि ती वाटसुद्धा."

मुफ्लेहने सत्तामला काही सांगितलं नाही. फक्त त्या संध्याकाळी फळी स्वतःच्या मांडीवर न घेता त्याच्या मांडीवर ठेवली.

"मला नाही येत."

"तीस वर्षं ट्रक चालवतोस आणि येत नाही म्हणतोस."

स्क्रीनवर जाबिरचा फाटा आला तेव्हा सत्ताम पुढे झुकला. मग हमा येईपर्यंत त्याची तक्रार थांबली नाही. हा पूल इथे नव्हता. या पेट्रोल पंपाचं तोंड दुसरीकडे होतं. होम्सच्या आधी वारा लागतो, गाडी उजवीकडे ओढते, हे या पोरांना काय ठाऊक. काचेबाहेर आणखी दोघं ड्रायव्हर येऊन उभे राहिले, तेही वाद घालायला लागले, की पूल होता, तू विसरलास. मुफ्लेहने सगळ्यांना चहा दिला.

हमा गेल्यावर सत्ताम हळूहळू गप्प झाला. अलेप्पोच्या अलीकडे एका वळणावर त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. समोर एक राखाडी चौकोनी इमारत होती, खिडक्याही नीट काढलेल्या नव्हत्या.

"इथे एक जण बाकल्याचे वाफाळलेले दाणे विकायचा," तो म्हणाला. "लिंबू पिळून. पहाटे पोचलो की मला बघून माझी वाटी आधी भरायचा. नाव अबू जमील." तो स्क्रीनकडे बघत राहिला. "ओळखत असाल कुणी?"

बाहेरचे दोघं माना हलवून नाही म्हणाले.

"याला हॉर्न कुठे आहे?"

मुफ्लेहने बटण दाखवलं. सत्तामने दोनदा वाजवलं, आखूड, ओळखीच्या दुकानापुढे वाजवतात तसं. मग गियर टाकला आणि शहरात शिरला. त्या दिवशी तो टायर बघायला गेला नाही. उलट अलेप्पोच्या साबणाचा वास कपड्यांना महिनाभर कसा राहायचा आणि बायको त्यावरून कशी संशय घ्यायची, हे त्याने जेवताना खुलवून सांगितलं, आणि तळावरचे लोक सत्तामच्या तोंडून एवढं पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यानंतर ज्याला त्याला डबा हवा झाला. फुटबॉल खेळायला एकाला, दुसऱ्याला मुलांशी रेस लावायला. सुजूदने दुकानाच्या मालकाला विचारून एक कोपरा मागून घेतला आणि फावल्या वेळात डबे बनवू लागली. मुफ्लेह प्रत्येक गाडीत ते बसवून द्यायचा. फक्त मोजे नवे विकत आणायचे, असं नौफाने बजावलं होतं.

मग वसंतात वाळूची एक मोठी आंधी आली आणि तळावरचे पाच-सहा डबे एकदम बंद पडले. फोनवरून काही जमेना. "मी येते," सुजूद म्हणाली. मुफ्लेह म्हणाला की तळ म्हणजे काही मुलींची जागा नव्हे. नौफा म्हणाली, "मग मीही येते. तुझं दुसरं घर कसं आहे ते एकदा बघू दे."

पुढच्या खेपेला ते तिघं हज्जातून पोचले त्या दिवशी तळ ओळखू येत नव्हता. रिकामे कॅन, बाटल्या, टायरचे तुकडे एका कोपऱ्यात लोटलेले. ड्रायव्हरांनी धुतलेले शर्ट घातले होते आणि काहींनी दाढ्याही केल्या होत्या. सत्तामने आपल्या गाडीच्या बाजूचा स्वयंपाकाचा कप्पा उघडून फळी पाडली होती आणि लसूण-मिरची घालून टोमॅटो परतत होता.

सुजूदने चादरीवर बसून एकेक डबा उघडला, ब्रशने पंखे झाडले, एकाची तार बदलली. दोघांनी आपल्या डब्यावरचा कपडा काढून टाकला होता, कारण त्यांना तो कशासाठी आहे ते कळलं नव्हतं. त्यांना तिने सगळ्यांसमोर झापलं आणि त्यांनी शाळेतल्यासारखं ऐकून घेतलं. नौफा मान वळवून हसत होती.

जेवण झाल्यावर सुजूद हज्जाच्या पायरीवर बसली. वाऱ्याने तिचा स्कार्फ उडत होता. समोर वाळू, तारेचं कुंपण आणि उभ्या गाड्यांची ओळ.

"याबा, इथे एवढा वारा असतो हे कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगणार? रोजचाच आहे."

"फोनवर ऐकू यायचा. मला वाटायचं लाइन खराब आहे."

मुफ्लेहने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. सत्ताम तव्यात उरलेले टोमॅटो रोटीत भरून घेऊन आला आणि म्हणाला, "घे बेटा, वाटेत खा. तुझ्या बापाला स्वयंपाक येत नाही, हे मी आज तुझ्यासमोर सांगतो."

माल त्याच दुपारी पलीकडच्या गाडीत चढला आणि हज्जा रिकामी होऊन परत फिरली. सुजूद मागच्या बाकावर चादर ओढून झोपली. सूर्य काचेत आला तेव्हा नौफाने फळी मांडीवर ओढली.

"हे कुठून सुरू करायचं?"

मुफ्लेहने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. थोड्या वेळाने नौफाचा ट्रक कुंपण तोडून शेतात शिरला, तिथून ओढ्यात गेला आणि कसाबसा बाहेर आला. मुफ्लेहला राहवेना. तो खऱ्या ब्रेकवर पाय ठेवायला लागला होता.

"डावीकडे घे. डावीकडे. अगं, ब्रेक."

"तू तुझा रस्ता बघ," नौफा म्हणाली, आणि तिने गियर वाढवला.